बारीक बहीण पाहिजे

८ जानेवारी

काडी,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंच असशील. फाडायचं असेल तर फाड, पण आधी वाच. फाडायला काय, मागाहूनही फाडता येतं. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून हा उद्योग करावा लागतोय. मी समेट करायला लिहीत नाही, घाबरू नकोस. काम आहे.

ज्या मोठ्या रुग्णालयातले वजनकाटे मी दुरुस्त करते, तिथे वरच्या मजल्यावर एक डॉक्टरीणबाई संशोधन करतात. विषय ऐक आणि हसून घे. पाळी थांबल्यावर बायका जाड का होतात? आणि सगळ्याच का होत नाहीत? ज्या होतात त्यांच्या रक्तातच तसं काही लिहिलेलं असतं का? जनुकांमधले बारीकसारीक फरक शोधायचे आहेत त्यांना. मी त्यांच्या खोलीतला काटा उलटा करून स्क्रू पिळत बसले होते, तर त्या म्हणाल्या, "तुमचं वय काय हो?" मी म्हटलं, "वय विचारा, वजन विचारू नका." त्या म्हणाल्या, "मला दोन्ही लागतं." अशी मी फसले. लगेच मला त्याच काट्यावर उभं केलं. काटा बिघडलेला होता. माझ्या घरच्या काट्यापेक्षा भलताच आकडा दाखवत होता. मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं.

आता मुद्दा. त्यांना बहिणींच्या जोड्या हव्या आहेत. एकाच आईबापाच्या दोघी, दोघींची पाळी थांबलेली, एक जाडी आणि एक बारीक. जाडी त्यांना आयतीच सापडली. आता फक्त दारावर पाटी लावायची बाकी आहे, बारीक बहीण पाहिजे म्हणून. मी म्हटलं, पाटी कशाला, आहे माझ्याकडे एक. वाऱ्यानं उडेल अशी.

फार काही करायचं नाही. एक सुई टोचतील, थोडं रक्त घेतील, थोडे प्रश्न विचारतील. तू पोहायला शिकवतेस, भेदरलेल्या पोरांना रोज खोल पाण्यात उतरवतेस, तुला सुईचं काय? येण्याजाण्याची सोय ते करतात.

आई गेल्यावर भेटायला आलेल्या माणसांसमोर तू जे बोललीस ते मी विसरलेले नाही. ते इथे उकरत बसत नाही. कामापुरतं काम.

तलाव कसा आहे? भाची बरी असेल.

तुझी ताई

२७ जानेवारी

काडी,

तुझं कार्ड मिळालं. एवढं मोठं कार्ड आणि त्यावर एकच ओळ. "मी आता त्यांच्या कामाची नाही, दुसरी बघ." पोस्टखात्याला तुझ्यामुळे काही फायदा नाही.

आता खरं सांगते. तू त्यांच्या कामाची का नाहीस ते मला पहिलं पत्र लिहितानाच माहीत होतं. तुझी लेक येऊन गेली होती. दुकानात स्टुलावर बसली, चहा हातात घेतला, थंड होऊ दिला, आणि मग म्हणाली, "मावशी, आई सगळ्यांना सांगते की ती सुट्टीवर आहे. पण तिनं काम सोडलंय." का सोडलं ते मला विचारायची गरजही पडली नाही, तिनंच सगळं सांगितलं. पाळी थांबल्यावरही काही वर्षं तशीच राहिलीस, मग तुझं अंग भरत गेलं, जुना पोहण्याचा पोशाख चढेना, नवा मागायला दुकानात जाववेना. सकाळी अर्धं सफरचंद, संध्याकाळी उरलेलं अर्धं. तलावाच्या काठावर चक्कर येऊन पडलीस, आणि शुद्धीवर आल्यावर आधी टॉवेल ओढून पोट झाकलंस. पोरगी हे सांगताना रडली. तिच्यावर चिडू नकोस. चिडायचंच असेल तर माझ्यावर चीड, तुला त्याची सवय आहे.

तुला बारीक म्हटलं ते मुद्दाम. म्हटलं, काळजीचं पत्र लिहिलं तर तू उत्तर देणार नाहीस, डिवचलं तर देशील. दिलंस.

आता उकरतेच. तू म्हणाली होतीस, "आईनं खाऊन खाऊन जीव घालवला, आणि ताई तिच्याच पावलावर पाऊल ठेवून चाललीय." काकू होत्या, शेजारीण होती, दुकानातली दोन गिऱ्हाइकं होती. काडी, शेवटची सगळी वर्षं आईला मी वाढत होते. तिच्या ताटात किती असायचं ते मला माहीत आहे. लहान मुलाला पुरणार नाही एवढं. सगळ्यांचं झाल्यावर ती बसायची, आणि कुणी आलं की ताट बाजूला सरकवायची. पन्नाशीपर्यंत तीही तुझ्यासारखीच होती, पत्र्याच्या पेटीतला फोटो बघ. मग पाळी थांबली, आणि दोन-तीन वर्षांत ओळखू येईना. लोक म्हणायचे, खाते चोरून. तिनं चोरून एकच गोष्ट केली. रडली.

आणि बाबांचा तो खेळ आठवतो ना? तुझ्या वाढदिवसाला दुकानातला पोत्यांचा तराजू मोकळा करायचे. एका पारड्यात तू, एका पारड्यात मी. मी खाली टेकायचे आणि तू वर लोंबकळायचीस. मग ते तुझ्या पारड्यात एकेक वजन ठेवत जायचे, लोखंडावर लोखंड वाजायचं, गिऱ्हाइकं हसायची. "ही माझी काडी आणि हा माझा गोटा!" बाबा वाईट नव्हते. काटेवाला माणूस, लेकींचं कौतुक करायला त्याच्याकडे तेवढंच साधन होतं. मी मोठी, माझं वजन जास्त असणारच, हे मात्र त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही. तू त्या दिवशी सकाळपासून पाणीसुद्धा प्यायची नाहीस. मी बघायचे. आणि आई त्या वेळी कधीही दुकानात यायची नाही, काहीतरी उतू जातंय म्हणून आतच राहायची.

एका वर्षी माझं पारडं उचललं गेलं. शाळेत मला पोरींनी चिडवलं होतं, म्हणून तू बाबांची दोन वजनं झग्याच्या खिशांत घालून बसली होतीस. खिसे गुडघ्यापर्यंत लोंबत होते. काटेवाल्याला कळलं नसेल? पण बाबा काही बोलले नाहीत, आणि मी त्या दिवशी दुकानभर नाचले. माझ्यावर रागावलेली तू मला चालतेस. पण खिशात लोखंड घालून बसणारी ती पोर मला हवी आहे, आणि ती अर्ध्या सफरचंदावर जगणार नाही.

ताई

१९ फेब्रुवारी

काडी,

उत्तर नाही. ठीक. मी लिहीतच राहणार, मला दुकानात दुपारी दुसरं काम नसतं.

परवा डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त घेतलं आणि मग मला समोर बसवून समजावलं. वयानं त्या माझ्या मुलीसारख्या, पण कंटाळत नाहीत. म्हणाल्या, प्रत्येक पेशीत एक लांबलचक मजकूर असतो आणि माणसामाणसांत त्यातलं कुठे कुठे एखादं अक्षर वेगळं असतं. बहुतेक फरकांनी काहीच होत नाही. काहींचा संबंध भुकेशी असतो, पोट भरल्याची जाणीव उशिरा होण्याशी असतो, चरबी कुठे साठते त्याच्याशी असतो. असा एकेक फरक एकटा फारसं काही करत नाही, पण पुष्कळ मिळून थोडं थोडं ढकलतात. पाळी थांबली की चरबी मांड्यांकडून पोटाकडे सरकायला लागते. त्या काळात हे ढकलणं जास्त जोरात होतं का, हे त्यांना शोधायचं आहे. "अजून ठाम सांगत नाही," असं त्या दर वाक्यानंतर म्हणतात. मला तेच आवडलं. ठाम सांगणारे आपल्याला आयुष्यभर भेटले.

मी म्हटलं, "म्हणजे माझा दोष नाही ना?" त्या म्हणाल्या, "दोषाचं मला काही कळत नाही. मला रक्तातलं कळतं."

मग मी म्हटलं, "सगळं रक्तातच असेल तर माझ्या हातात काय राहिलं?" त्यावर त्या जवळजवळ चिडल्या. म्हणाल्या, "सगळं रक्तात आहे असं कोण म्हणालं? शरीराला एक कल असतो. चालणारीला, पोहणारीला तो कमी ओढतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय." हे मला चटकन कळलं. काट्यालासुद्धा कल असतो. तो माहीत असला की त्याला शिव्या न घालता नीट वापरता येतो.

आता तुझं. मी घाबरतच विचारलं, "माझी बहीण बारीक होती, पण आता तीही जाड झालीये. ती चालेल का?" बाईंनी पेन खाली ठेवलं. "आधी काय करायची?" मी म्हटलं, जन्मभर पोहली, पोहायला शिकवलं. त्या म्हणाल्या, "मग तीच हवी. एक खुर्चीत बसून काटे दुरुस्त करणारी, एक पाण्यात राहणारी, आणि दोघींचे आईबाप तेच. तिचं वजन इतकी वर्षं जे वाढलं नाही, तेही मला बघायचंय."

ऐकलंस का? जे वाढलं नाही ते. तुला वाटतंय की तुझी सगळी शिस्त खोटी ठरली, शेवटी खाण तशी माती. अगं, आई पन्नाशीनंतर लगेच सुजत गेली, मी तर त्याच्याही आधी. तू एवढी वर्षं टिकलीस ती त्या पाण्यामुळेच असशील. आणि तेच तू सोडून बसलीस. याला काय म्हणावं?

ताई

६ मार्च

काडी,

चार पानं! कार्डावरून एकदम चार पानं. वाचून नाकाला मिरच्या झोंबल्या, पण चार पानं म्हणजे चार पानं.

"जनुकांच्या पदराआड लपू नकोस, तोंडावर ताबा नाही हे कबूल कर." कबूल. मला गोड आवडतं, दुपारी झोप आवडते, जिना आवडत नाही. झालं समाधान? आता तू कबूल कर. तू अर्ध्या सफरचंदावर राहतेस, तुझ्या तोंडावर जगातल्या कुणाचाही नसेल एवढा ताबा आहे, आणि तरी तुझं वजन उतरत नाही. मग तुझं गणित चुकतंय कुठे?

माझीही एक गोष्ट कबूल करते. रुग्णालयाचा काटा बिघडलेला आहे असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. मी त्यांना ते इतक्या ठसक्यात सांगितलं होतं की दुसऱ्या दिवशी प्रमाणित वजनं घेऊन पुन्हा गेले, सगळ्यांसमोर एकेक ठेवून दाखवायला. काटा बरोबर होता. केसभरही फरक नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी एकच वजन पुन्हा पुन्हा ठेवत होते. बिघडलेला माझ्या घरचा. अख्ख्या गावाचे काटे तपासते आणि माझ्या न्हाणीघरातल्या काट्याला मी कधी हात लावला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मला वाटतं, तो कमी दाखवतोय हे मला माहीत होतं. विचारू नकोस कधीपासून. आता दुरुस्त केलाय. आकडा बघून एक दिवस गादीवर पडून राहिले, दुसऱ्या दिवशी तळ्यापर्यंत चालत गेले. आता रोज जाते. धापा टाकते, मधल्या बाकावर बसते, पुन्हा उठते. एक म्हातारा माळी मला बघून रोज म्हणतो, "बाई, तळं काही पळून जात नाही." मला हसू येतं आणि हसले की आणखी धाप लागते.

तुझ्या चार पानांत एक ओळ मात्र मी पुन्हा पुन्हा वाचली. आंघोळ करून आलं की आरशात आई दिसते, म्हणतेस. बाकी पावणेचार पानं रागाची आहेत, ही एक ओळ तुझी आहे. तुला ती दिसते तेव्हा तू दिवा बंद करतेस. मला पण दिसते गं. हनुवटीखाली, दंडावर, वाकून चप्पल घालताना पोटाची घडी पडते तिथे. मला तिची इतकी आठवण येते की मी आरशासमोर मुद्दाम थोडी जास्त उभी राहते.

तू तिच्याबद्दल जे बोललीस ते मी माफ केलेलं नाही. खोटं कशाला बोलू. पण ती गेली तशी तू उपाशी, लाजत, ताट सरकवत गेलीस तर ते मला सहन होणार नाही. एक गेली तेवढी पुरे.

ताई

११ एप्रिल

काडी,

तुझी लेक सांगत होती की तू रुग्णालयात फोन करून वेळ घेतलीस. मला कळवलं नाहीस. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पण मी इतकी खूश झाले की दुकानात आलेल्या भाजीवाल्याचा काटा फुकट दुरुस्त करून दिला, आणि आता तो सगळ्या बाजाराला सांगत सुटलाय.

सूचना वाच. रक्त उपाशीपोटी घेतात. आदल्या रात्री नीट जेव, सकाळी फक्त पाणी. म्हणजे एवढा एक दिवस तुला डॉक्टरांच्या परवानगीनं उपाशी राहता येईल, हौस भागवून घे. बाही वर जाईल असं काहीतरी घाल. ते अंगभर शालीत गुंडाळून येऊ नकोस. तिथे येणाऱ्या सगळ्या आपल्याच मापाच्या असतात, बाकड्यावर तिघींच्या जागेत दोघी बसतात आणि कुणी कुणाकडे बघत नाही.

एक आधीच सांगते. निकाल लवकर येणार नाही. वर्ष तरी लागेल, आणि आला तरी तो हजारो बायकांचा मिळून येईल. तुझ्या माझ्या रक्तात काय आहे ते कदाचित सांगणारही नाहीत. तेव्हा शिक्का मारलेला कागद मिळेल आणि मग मी ताईशी बोलेन, असं ठरवून बसू नकोस.

मी स्थानकावर येऊ का? तू नको म्हणालीस तरी येणार आहे, पण विचारलं.

ताई

२ मे

काडी,

तू होतीसच तिथे, तुला काय नवं सांगू. पण तुला वाटलं असेल की मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि माझं लक्ष नव्हतं. म्हणून लिहिते. माझं लक्ष होतं.

स्थानकावर तू उतरलीस तेव्हा मी आधी तुला ओळखलंच नाही, आणि मग एकदम ओळखलं, कारण आई चालत येत होती. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "तू बारीक झालीस की." मी म्हटलं, "काटा दुरुस्त केलाय, आता खोटं बोललीस तर पकडेन." तू हसली नाहीस. पण रुग्णालयाच्या जिन्यात आपण दोघी एकाच पायरीवर थांबलो, दोघींनी एकाच वेळी कठडा धरला, आणि तू फसकन हसलीस. तेवढ्यावर मी दिवस काढला असता.

मग त्या परिचारिकेचे प्रश्न. पाळी कधी थांबली, अंगातून वाफा निघतात का, झोप कशी लागते. तू पटापट उत्तरं देत होतीस, पोरांना सूचना देतेस तशी. मग तिनं विचारलं, "आईचं वजन जास्त होतं?"

"हो. पन्नाशीनंतर."

"आहार?"

मी तेव्हा खिडकीकडे वळले, कारण मला ते पुन्हा ऐकायचं नव्हतं. ती बाई म्हणाली, "साधारण सांगा. जास्त, मध्यम, कमी?"

"कमी," तू म्हणालीस. "फार कमी. आम्ही तिच्या ताटाकडे बघायचो म्हणून ती खायचीच नाही. आणि ती गेल्यावर मी लोकांना सांगितलं की ती खाऊन मेली. खोटं सांगितलं. तेही लिहा."

परिचारिका बिचारी गोंधळली. "त्याला इथे जागा नाही हो," म्हणाली. "मी 'कमी' एवढंच लिहिते."

काडी, मी खिडकीतून बाहेर काही बघत नव्हते. समोरची भिंत होती, आणि ती मला दिसत नव्हती. डोळे पुसायला गेले तर तुम्हा दोघींना कळलं असतं, म्हणून तशीच उभी राहिले. आता म्हणते. झाली माफी. आईनं काय केलं असतं ते मला माहीत नाही, तिनं बहुतेक तुला विचारलं असतं की तू सकाळपासून काही खाल्लंस का.

खाली उपाहारगृहात तू ताट पुढे ओढलंस आणि शेवटपर्यंत जेवलीस. मी मीठदाणीवरचा मजकूर वाचत होते. मीठदाणीवर मजकूर नसतो.

भाचीचा फोन आला होता. म्हणाली, तू दुकानात जाऊन नवा पोशाख घेतलास, मोठं माप मागताना आवाजही खाली गेला नाही, आणि सोमवारी पाण्यात उतरणार आहेस. पोरं काय म्हणतील याची भीती वाटते, असंही तू तिला म्हणालीस म्हणे. पोरं काय म्हणणार? पोरांना बाई पाण्यात असल्याशी काम. आणि चार दिवसांनी तुझ्याच वयाच्या दोन-तीन बायका काठावर येऊन बिचकत उभ्या राहतील बघ, आत यावं की नाही म्हणून. त्यांना शाल काढायला सांगणारी तूच. मला शिकवायला मात्र येऊ नकोस, मला पाण्याची भीती वाटते. निदान पावसाळ्यापर्यंत तरी नको.

आणि कालचं. संध्याकाळी तू फोन केलास. इतक्या वर्षांनी तुझं नाव माझ्या फोनवर उमटलं, मी बघतच राहिले आणि फोन बंद पडता पडता उचलला. इकडचं तिकडचं झालं, आणि मग तू विचारलंस, "ताई, जेवलीस का?"

आपल्या घरात हा प्रश्न नेहमी मोजदादीसाठी विचारला जायचा. तू काल तसा विचारला नाहीस. मी "हो, हो, जेवले" म्हणून घाईघाईनं फोन ठेवला, आणि तुला वाटलं असेल, हिचं आपलं पुन्हा सुरू झालं. तसं नव्हतं. मी जेवले नव्हते, मला रडू आलं होतं. मग तोंड धुतलं, पान वाढून घेतलं आणि दार उघडं ठेवून, येणाराजाणारा बघेल अशी बसून, पोटभर जेवले.

तुझी ताई